हेड कोरडंच बसवायचं

"हेडच्या पॅकिंगला काही लावू का?" हा प्रश्न इंजिन खोललेल्या प्रत्येकाला पडतो आणि बहुतेक वेळा तो रात्री उशिरा पडतो, दुकानं बंद झाल्यावर, सिलिकॉन सीलंटची ट्यूब हातात असताना. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ब्लॉक म्हणजे खालचा सिलिंडरवाला भाग, आणि पॅकिंग म्हणजे या दोघांच्या मध्ये बसणारी गॅस्केट. ब्लॉकचा फेस, म्हणजे वरची सपाट बाजू, चकाचक करून ठेवलेला असतो, पिस्टन पुसलेले असतात, पिशवीतून नवी गॅस्केट बाहेर काढलेली असते, आणि ती इतकी पातळ नि इतकी साधी दिसते की ही बया आतली आग अडवणार यावर विश्वासच बसत नाही. मग हात आपोआप ट्यूबकडे जातो. निळी, करडी, काळी, लाल, जी असेल ती. एक पातळसा थर दिला तर काय बिघडतंय, झाला तर फायदाच होईल, असं मनातल्या मनात चालू होतं.

मला या 'झाला तर फायदाच'वर बोलायचंय. कारण साध्या घरच्या गाडीत हा थर कधीकधी खपून जातो आणि माणसाला वाटतं आपण शहाणपणा केला. पण जिथे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला वायू चेपायचं प्रमाण, वाढवलंय, जादा हवा कोंबणारा टर्बो बसवलाय, इंजिन रेडलाइनला म्हणजे कमाल वेगाला चिकटवून पळवायचंय, तिथे हाच थर उलटतो. रेसचं इंजिन कुणाची भीडभाड ठेवत नाही, झाकली मूठ दोन लॅपमध्ये उघडून दाखवतं.

आधी सांगतो, मी काही मेकॅनिक नाही. चाकणला नोकरी, पार्ट मोजायचं काम, दिवसभर मायक्रॉनच्या गप्पा. पण कोल्हापूरला गेलो की माझा मुक्काम घरी कमी आणि उद्यमनगरात, म्हणजे तिथल्या वर्कशॉपांच्या वस्तीत, जास्त असतो. तिथे एका मशीन शॉपमध्ये एक मेस्त्री आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात, मी पण मामाच म्हणतो. बोअरिंग, हेड फेसिंग, सीट कटिंग, सगळं. रॅलीची जिप्सी असो, ऊसाच्या ट्रॅक्टरचं हेड असो, कुणाची आरएक्स हंड्रेड असो, सगळ्यांना तोच स्टूल आणि तोच चहा. या लेखातलं बरंचसं शहाणपण तिथलं आहे, आकडे तेवढे माझे.

तर आकड्यांपासूनच. जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७४ मिलीमीटर. म्हणजे पिस्टनच्या डोक्याचं क्षेत्रफळ साधारण ४३ चौरस सेंटीमीटर. चांगल्या पेट्रोल इंजिनात फुल थ्रॉटलला आतला दाब ७० बारच्या आसपास सहज जातो. गुणाकार केला तर एका सिलिंडरमध्ये हेडला वर ढकलणारा जोर होतो जवळजवळ तीन टन. आणि हे एकदा नाही, ६००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पन्नास वेळा. टर्बो लावून दाब १२० बारवर नेला की तोच जोर पाच टनांच्या पुढे. जळणाऱ्या वायूचं तापमान दोन हजार अंशांच्या वर. आता तुमच्या त्या सिलिकॉनच्या ट्यूबवर काय लिहिलेलं असतं बघा, अडीचशे, फार तर तीनशे-साडेतीनशे अंश. हा हिशोब इथेच संपायला पाहिजे खरं तर, पण संपत नाही, कारण लोक म्हणतात की आम्ही आगीच्या कडेला कुठे लावतोय, आम्ही पाण्याच्या भोकांभोवती लावतोय.

ठीक आहे, पाण्याच्या भोकांभोवती. पण हेड गॅस्केट ही एकच वस्तू आहे आणि ती एकाच वेळी तीन कामं करते, आग आत ठेवायची, पाणी पाण्याच्या वाटेत ठेवायचं आणि ऑइल ऑइलच्या. ही तिन्ही कामं ती चिकटून करत नाही, दाबून करते. हा मुद्दा मला स्वतःला कागदावर कळत होता पण हाताला कळायला वेळ लागला. आपल्या डोक्यात सील म्हणजे काहीतरी चिकट, फटी बुजवणारं. हेडचं सील म्हणजे बोल्टांनी ताणलेली स्प्रिंग आहे, बोल्ट ताणले जातात, हेड आणि ब्लॉक एकमेकांकडे खेचले जातात आणि मधली गॅस्केट चेपून राहते. आतून तीन टन वर ढकलत असताना सुद्धा तिथे दाब शिल्लक राहिला पाहिजे. बस. शिल्लक राहिला तर सील आहे, नाही राहिला तर जगातलं कुठलंही रसायन तिथे टिकणार नाही.

आणि हा दाब येतो कुठून, तर टॉर्क पान्यातून, तोही किती वाईट भावाने बघा. बोल्टला आपण जेवढा टॉर्क मारतो त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये जातो, आणि खरा ताण द्यायला उरतात दहा टक्के. म्हणजे आट्यांत जरा गंज असेल, वायसर खरबरीत असेल, तर पाना 'कट्' वाजतो, आपण खूश, आणि बोल्ट मात्र अर्धाच ताणला गेलेला असतो. म्हणून रेसवाले स्टडला मोलीचं, म्हणजे मॉलिब्डेनमवालं, ग्रीस लावतात, म्हणून आजकाल टॉर्कनंतर अंशात फिरवायचं असतं, घर्षणाच्या भरवशावर राहायला नको म्हणून. मामा तर प्रत्येक भोकात आधी टॅप फिरवतात, मग हवेने फुंकतात, मग टॉर्चने आत बघतात. बंद भोकात चमचाभर ऑइल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर ते ऑइल चेपलं जात नाही, ब्लॉकला तडा जातो. "सायब, हेड बशिवनं म्हंजे आधी भोकं पुसनं," हे त्यांचं वाक्य. सीलंटबद्दल विचाराल तर आधी हेच ऐकवतील.

आता या दाबलेल्या जागेत सिलिकॉन टाकलं की काय होतं? सिलिकॉन ओलं असताना बोल्ट आवळले तर बरंचसं बाहेर पिळून येतं आणि उरलेलं मध्ये अडकतं. जे अडकलं ते रबरासारखं वळतं, आणि रबर सरकतं. गॅस्केटची पकड घर्षणावर असते, तिथे आपण स्वतःच वंगण घालून ठेवलं. आपली जुनी पद्मिनी घ्या, ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. अॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट वाढतं. ४०० मिलीमीटर लांबीचं हेड धरलं आणि इंजिन सत्तर अंशांनी तापलं धरलं तर हेड आणि ब्लॉक यांच्या वाढीत मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याचा फरक पडतो. प्रत्येक वेळी गाडी गरम झाली की हेड गॅस्केटवरून घासत पुढे जातं, थंड झालं की मागे येतं. मोठमोठ्या टर्बो इंजिनांत, टोयोटाच्या टू-जेझेडसारख्या बिडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियम हेड असलेल्या सहा सिलिंडरवाल्यांत, हा फरक अर्ध्या मिलीमीटरपर्यंत जातो. ही घसट सहन करायला गॅस्केट बनवलेली असते. मधला सिलिकॉनचा थर मात्र बनवलेला नसतो, तो ओढला जातो, फाटतो, आणि सोबत गॅस्केटचा वरचा थरही उचकटून नेतो.

बाहेर पिळून येतं तेवढंच आतही येतं, हे लोक विसरतात. बाहेरचं नखाने खरवडून टाकता येतं, आतलं दिसतच नाही. मामांच्या टेबलावर एक रॅलीची जिप्सी आली होती, म्हणजे तिचं इंजिन. मालक वैतागलेला, कारण हेड पॅकिंग परत परत जात होतं आणि आधीच्या गॅरेजने दर वेळी आधीपेक्षा जास्त सिलिकॉन लावून दिलं होतं. ऑइल भरायचं टोपण उघडलं तर आत पिठल्यासारखा पिवळट साका, म्हणजे पाणी ऑइलमध्ये. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचा ऑइलचा डबा, खोललं, ऑइलच्या जाळीला करड्या रंगाच्या रबरी शेवया गुंडाळलेल्या. जाळीचा निम्मा भाग बुजलेला. रॅलीच्या अजून दोन स्टेज पळाली असती तर बेअरिंगच गेली असती. हेडकडे ऑइल वर जायची वाट बऱ्याच इंजिनांत मुद्दाम बारीक ठेवलेली असते, दोन-तीन मिलीमीटरचं भोक, तिथे असा एक तुकडा अडकला की कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कोरडा पडतो आणि मग पॅकिंग वाचलं काय नि गेलं काय.

पण खरी गंमत पुढे होती. मामांनी जुनी गॅस्केट उजेडात धरली. आगीची रिंग, म्हणजे बोअरच्या भोवती जी धातूची कड असते ती, दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांमध्ये चेपून चपटी झाली होती, एका जागी तर हातोडीने ठोकल्यासारखी. पाण्याच्या भोकांपाशी सिलिकॉन जागच्या जागी, एकदम मस्त. मग पिस्टन बघितले, डोक्यावर कडेकडेने वाळू मारल्यासारखे बारीक खड्डे. हे डिटोनेशन. इग्निशन खूप पुढे घेतलेलं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडणारी, कॉम्प्रेशन वाढवलेलं आणि टाकीत साधं पेट्रोल. वायू एका बाजूने शांतपणे जळत जायच्या ऐवजी उरलेला एकदम फुटतो, दाबाचा आकडा एका झटक्यात कितीतरी वर जातो आणि तो हातोडा बसतो रिंगवर. अशा इंजिनाला सीलंट लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या माणसाला टायमिंग मागे घ्यायला सांगितलं, शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आता पंपावर मिळतं ते घाल म्हणून सांगितलं, तर म्हणतो, "मामा, ते ठीक आहे हो, पण या वेळी सिलिकॉन जरा चांगल्या कंपनीचं लावा." मामांनी फक्त माझ्याकडे बघितलं.

त्या हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घातलं तेव्हा मधोमध ०.१५ चं पान आरामात आत गेलं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ मिलीमीटर असते, केसापेक्षाही बारीक. म्हणजे आधी दोन-तीनदा जास्त गरम होऊन हेड वाकलं होतं आणि त्या वाकलेल्या हेडखाली सिलिकॉन भरत बसले होते. पाण्याच्या भोकांभोवती अॅल्युमिनियम कुरतडलेलं, कारण कूलंटच्या ऐवजी वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरवेलचं पाणी. इथे मात्र मला सीलंटवाल्यांबद्दल थोडी सहानुभूती वाटते. खड्डा समोर दिसतोय, हातात खड्डा बुजवायची ट्यूब आहे, उद्या पहाटे गाडी न्यायचीय. पण याचा खरा उपाय अर्गन वेल्डिंगने धातू भरून परत फेस मारणं हाच आहे आणि त्याला एक दिवस नि थोडे पैसे लागतात. ट्यूब स्वस्त म्हणून ती निवडली जाते, चांगली म्हणून नाही.

आता मामांची स्वतःची गोष्ट. मामा सुद्धा तरुणपणी लावायचे. शेलॅक म्हणजे लाख लावायचे, ग्रीस लावायचे, कधी चांदीचा रंग, तोच आपला अॅल्युमिनियम पेंट, ब्रशने दोन्ही बाजूंनी मारून पॅकिंग उन्हात वाळवायचे. मी एकदा जरा खोडसाळपणे विचारलं की मग ते सगळं चुकीचं होतं का. तर चिडले. "आरं लेका, तवाचं पॅकिंग येगळं व्हतं. दोन तांब्याचे पत्रे आन मदी अॅस्बेस्टॉस. फेस हातानं घासलेला. त्याला काय लावलं न्हाई तर पानी झिरपनारच." आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. त्या काळच्या सँडविच गॅस्केटवर कसलंही कोटिंग नसायचं. फेसिंगचं मशीन प्रत्येक तालुक्यात नव्हतं, तेल लावलेल्या काचेवर एमरी पेपर ठेवून हेड घासायचे. इंजिनं कमी दाबाची, बहुतेक बिडाची, सावकाश फिरणारी. तिथे लाखेचा पातळ थर पाण्याच्या भोकांपाशी खरंच काम करायचा, आणि पाचशे किलोमीटरनंतर हेड परत एकदा टाइट करायचं हा तर नियमच होता कारण पॅकिंग बसायचं.

(लाख ही पंचाहत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडते. लाक्षागृहाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या देशाने तीच लाख आगीच्या शेजारी फासावी याची मला नेहमी मजा वाटते, पण ती फासायचे ती आगीपासून दूर, थंड बाजूला, हे पण तितकंच खरं.)

म्हणजे सवय अडाणीपणाची नव्हती. सवय बरोबर होती, खालची गॅस्केट बदलली. अॅस्बेस्टॉस गेलं, मग ग्रॅफाइटवाली कॉम्पोझिट आली, आणि मग जपानी कंपन्यांनी १९८०-९० च्या दशकात जिचा प्रसार केला ती एमएलएस, म्हणजे स्टीलच्या पातळ पत्र्यांचे थर. हिला मी जवळून बघायला सांगेन. हातात घेतली तर तीन-चार पत्रे रिव्हेटने जोडलेले. वरच्या पत्र्यावरून बोट फिरवलं की बोअरच्या भोवती एक उंचवटा लागतो, ती घडी म्हणजे स्प्रिंग. हेड आवळल्यावर ती चेपते पण पूर्ण चपटी होत नाही, हेड वर उचललं गेलं की ती मागोमाग वर येते, सेकंदाला पन्नास वेळा. आणि पत्र्यावर जो काळसर, जरा मऊ लागणारा थर असतो तो रबराचा आहे, काही मायक्रॉन जाडीचा, कारखान्यातच लावलेला. म्हणजे तुम्हाला जे सीलंट लावायची इच्छा होतेय ते आधीच लावून आलंय, तुमच्या हातापेक्षा हजारपट एकसारख्या जाडीने. त्याच्यावर तुम्ही सिलिकॉन फासलं की ते त्या घडीच्या खोबणीत जाऊन बसतं, घडीला हलायला जागा राहत नाही, दाब कुठे किती पडतो याचा सगळा हिशोब बिघडतो. म्हणून एमएलएस बनवणारे जवळजवळ सगळे एकच सांगतात, कोरडी बसवा.

फक्त त्या बदल्यात ती एक गोष्ट मागते, गुळगुळीत फेस. परफॉर्मन्स गॅस्केटवाले साधारण ५० मायक्रोइंच आरए (हे खरबरीतपणाचं माप) किंवा त्याहून बारीक मागतात, म्हणजे सव्वा मायक्रॉनच्या आसपास. जुन्या कॉम्पोझिटला जरा खरबरीत फेस उलट आवडायचा, पकड मिळायची. जुन्या सवयीचा मेकॅनिक एमएलएसला तसाच खरबरीत फेस देतो, ती पाझरते, मग तो म्हणतो बघा मी सांगत होतो, सिलिकॉन लावायला पाहिजे होतं. असं हे चक्र चालू राहतं. आणि साफ करताना ग्राइंडरवर ते रंगीत ब्रिसल नाहीतर स्कॉचब्राइटसारखी चकती लावून फेस घासतात ना, ते तर बघवत नाही. त्यातून निघणारी अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड बेअरिंगमध्ये जाते, जनरल मोटर्सने तर या चकत्या वापरू नका म्हणून बुलेटिन काढलं होतं. प्लास्टिकची पट्टी, ब्लेड, थिनरचा बोळा आणि वेळ, यातच भागतं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल की मग हे रेसवाले तांब्याच्या गॅस्केटवर फवारा मारताना दिसतात ते काय. तेही खरंय, आणि इथेच सरसकट 'कधीच लावू नका' म्हणणारे पण फसतात. तांब्याचा सलग पत्रा, तापवून मऊ केलेला, हा आगीसाठी जबरदस्त आहे. ब्लॉकमध्ये किंवा हेडमध्ये बोअरभोवती खाच काढून त्यात स्टीलची तार बसवायची, ती तार तांब्यात रुतते आणि मग दाब कितीही येऊ दे. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरमध्ये असंच असतं, ५०० क्युबिक इंचाचं म्हणजे सव्वाआठ लिटरच्या आसपासचं व्हीएट, नायट्रोमिथेनवर चालणारं, ११००० हॉर्सपॉवरच्या घरातलं, आणि मध्ये तांब्याचा पत्रा. त्याची जाडी बदलून ते लोक कॉम्प्रेशन कमीजास्त करतात. पण त्या इंजिनात पाणीच नसतं! ब्लॉक सलग धातूचा, काही सेकंद पळायचं, मग सगळं खोलायचं. तांब्याला स्वतःला पाणी अडवता येत नाही, त्याला स्प्रिंग नाही, कोटिंग नाही. म्हणून तोच पत्रा रस्त्यावरच्या, पाणी फिरणाऱ्या इंजिनात बसवला की पाण्याच्या भोकांभोवती सीलंट लावावंच लागतं, तिथे कोरडं बसवाल तर सकाळी गाडीखाली डबकं. एकच काम, दोन गॅस्केट, उत्तर अगदी उलटं. लावायचं का, याच्या आधी कुठली आहे हे विचारायला पाहिजे.

तसंच आट्यांचं. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्हीएटमध्ये, १९५५ पासूनचं ते घराणं, हेडचे बोल्ट थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उतरतात. तिथे आट्यांना सीलंट लावलं नाही तर पाणी बोल्टच्या कडेने वर चढतं. लोक गॅस्केटला भरभरून लावतात आणि बोल्ट कोरडे घालतात, मग पाणी दिसलं की परत गॅस्केटला शिव्या. आणि आपल्या स्विफ्टच्या के-सिरीजसारख्या टायमिंग चेनवाल्या इंजिनांत पुढचं कव्हर, ब्लॉक आणि हेड जिथे तिघं एकत्र येतात त्या कोपऱ्यात एक ठिपका लागतो, कारण तिथे तीन भागांची कड तंतोतंत जुळत नाही आणि गॅस्केटला ती पायरी भरता येत नाही. एक ठिपका. अख्ख्या हेडला एवढंच.

यावर काही लोकांनी वेगळाच विचार केला होता, की ही भानगडच नको. १९२० च्या दशकातल्या बेंटलीचं हेड निघायचंच नाही, ब्लॉक आणि हेड एकाच ओतिवात. १९२४ ते १९३० मध्ये पाच वेळा ल मांची चोवीस तासांची रेस जिंकलेल्या त्या गाड्यांना हेड गॅस्केट नावाचा प्रकारच नव्हता. अमेरिकेतलं ऑफेनहाउझर पण तसंच. चार सिलिंडर, हेड ब्लॉकसकट ओतलेलं, आणि या इंजिनाने इंडियानापोलिसची ५०० मैलांची रेस २७ वेळा जिंकली, पहिली १९३५ ला आणि शेवटची १९७६ ला. चाळीस वर्षं! टर्बो आल्यावर बाकीच्यांची हेडं उचलली जायची, ऑफीला, म्हणजे या ऑफेनहाउझरला, उचलायला हेडच नव्हतं, त्यामुळे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यात भरमसाट बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, भरता आला. अर्थात व्हॉल्व्ह घासायचे तर खालून, बोअरमधून हात घालायचा, त्या मेकॅनिकांनी काय काय म्हटलं असेल ते सोडून द्या. मामांना हे सांगितलं तर आधी विश्वासच बसेना, मग म्हणाले, "हुशार हाय, पर धंदा बुडंल की आमचा."

दुसऱ्या टोकाला रोव्हरचं के-सिरीज, १९८८ चं. हलकं, हुशार इंजिन, लोटसने एलीझमध्ये घातलं, आणि हेड गॅस्केटसाठी बदनाम झालं. कारणं बघितली तर एकात एक अडकलेली, हेडपासून तळापर्यंत जाणारे लांबलचक बोल्ट, ब्लॉकच्या फेसपेक्षा किंचित वर राहायला पाहिजेत ते लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, खाली बसणं, हेड जागेवर धरणाऱ्या प्लास्टिकच्या डॉवेल, थोडंच पाणी आणि त्यातही थर्मोस्टॅट अशा जागी की थंड पाण्याचा एकदम झटका. नंतर स्टीलच्या डॉवेल आल्या, एमएलएस गॅस्केट आली. या यादीत 'सीलंट लावलं नव्हतं' हे कुठेच नाही. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते, कारण आपल्याकडे पॅकिंग गेलं की कुणी लायनरची उंची मोजताना मी फारसं बघितलेलं नाही. डायल गेज ड्रॉवरमध्ये, ट्यूब टेबलावर.

आणि आता आरएक्स हंड्रेड, कारण त्याशिवाय कोल्हापूर-पुण्यातला कुठलाही इंजिनवरचा लेख पूर्ण होत नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला उतरणाऱ्या आरएक्स बघा, ५० मिलीमीटरचा बोअर, जेमतेम ९८ सीसी, आणि पोरांनी त्यातून काय काय काढलेलं असतं. या इंजिनात एक मजा आहे. खाली क्रँककेसचे दोन अर्धे भाग जिथे जुळतात तिथे कागदी पॅकिंगच नसतं, तिथे लिक्विड गॅस्केट लावा असं यामाहाच सांगते. म्हणजे ट्यूब तिथे कायदेशीर आहे. वीतभर वर हेडपाशी मात्र धातूची पातळ चकती. आणि हवेने थंड होणारं इंजिन, त्यामुळे अडवायचं ते फक्त आगीला, पाण्याचा प्रश्नच नाही. तरी पोरं वर पण फासतात. खाली चाललं म्हणून वर चालेल.

टू-स्ट्रोकमध्ये हेडखालची प्रत्येक जाडी स्क्विशमध्ये मोजली जाते. पिस्टन वर आल्यावर त्याची कड आणि हेडची कड यांच्यात जी फट राहते ती ट्यून केलेल्या इंजिनात मिलीमीटरच्या आत-बाहेर ठेवतात, आणि तिथे एका दशांशाने गाडीचा स्वभाव बदलतो. मोजायची पद्धत सुंदर आहे. सोल्डरची तार प्लगच्या भोकातून आत सरकवायची, सिलिंडरच्या कडेला टेकवायची, किक हाताने हळूहळू दाबून पिस्टन वरून जाऊ द्यायचा, तार बाहेर काढून चेपलेलं टोक मायक्रोमीटरमध्ये धरायचं. दोन्ही बाजूंनी, गजन पिनच्या, म्हणजे पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या पिनच्या, रेषेत. डावीकडे ०.९ आणि उजवीकडे १.१ आलं तर हेड तिरकं बसलंय, आणि ते तिरकं बसायचं एक नेहमीचं कारण म्हणजे एका बाजूला जास्त साचलेलं सिलिकॉन. हे मी डोळ्यांनी बघितलंय, हेड काढून, दोन्ही फेस पुसून परत बसवलं तर दोन्हीकडे सारखा आकडा.

लॅपिंग केलेलं हेड, म्हणजे काचेवर बाराशेच्या पेपरवर आठच्या आकड्यात घासलेलं, आणि खाली तापवून मऊ केलेला तांब्याचा पत्रा, यावर तांब्याच्या स्प्रेचा एक हलका हात मारायचा की नाही यावर उद्यमनगरात दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते बारीक ओरखडे भरतात आणि उष्णता हेडकडे चांगली जाते, दुसरी म्हणते पत्रा नीट मऊ केला असेल तर तोच ओरखडे भरतो, स्प्रे म्हणजे फॅशन. मी पहिल्या पार्टीच्या जरा जवळ आहे, कारण तो थर मायक्रॉनमध्ये असतो आणि वाळल्यावर सरकत नाही. मामा दुसऱ्या पार्टीत. पण परवा एक पोरगं स्प्रेचा डबा हलवत आलं तेव्हा आम्हा दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, "सोल्डर लावून बघितलास का?" त्याने नव्हतं बघितलं. मग मामांनी त्याच्या हातातला डबा घेऊन बाजूला ठेवला, ड्रॉवरमधून तारेचं रीळ काढून दिलं आणि माझ्या हातात मायक्रोमीटर ठेवला.